सिदोजीच्या शेल्याच्या गाठी

एका राज्यात राजा फार लांब राहायचा. म्हणून तळ्याकाठच्या गावाने आपला राखणदार आपणच निवडावा, अशी त्याची आज्ञा होती. निवडायचं म्हणजे काय, तर घरटी एकाने राखणदाराच्या शेल्याला गाठ मारायची. गावातल्याच सिदोजीला निवडलं, तेव्हा त्याच्या शेल्याला एकेचाळीस गाठी पडल्या. लोकांनी दातओठ खाऊन निरगाठी आवळल्या. उद्या सोडायची वेळ आली तर काय, हे एकालाही सुचलं नाही. शहाणेच ना सगळे!

शेला अंगावर येताच सिदोजीने मंत्र टाकला. तळं रोज एकाचं प्रतिबिंब गिळू लागलं. ज्याचं गेलं, तो स्वतःचं नाव विसरे आणि सिदोजी एका दिवसाने तरुण होई.

एके सकाळी सगुणा आपल्या लेकीला, केवडाला, घेऊन पाण्यावर गेली. पाण्यात तिच्याशेजारी कुणीच नव्हतं. केवडा वळून म्हणाली, "बाई, तुम्ही कोण?"

सगुणेने तिचं मनगट धरलं. ती तशीच चिंचेखाली गेली. ढोलीतल्या पिंगळ्याला तिने विचारलं, "पिंगळोबा, माझी पोर परत कशी मिळेल?"

"शेला उतरला की मिळेल. राखणदाराला तळ्याकाठच्या चावडीवर बोलवा. तो येईल, त्याला यावंच लागतं. मग गाठी सुटेपर्यंत त्याला हलता येत नाही. पण ज्याची गाठ, त्याच्याच हाताने सुटते. आणि सुटली की त्या घरावरचा राखणदाराचा अंमलही सुटतो."

सगुणेने बोलावताच सिदोजी आला आणि चावडीच्या पायरीवर, पाण्याशी उभा राहिला.

पहिला दिवस जिवंतांचा. सगुणा गाठी सोडायला बोलवू लागली, तशी दारं लागली. आतून आवाज आले, "वहिनी, कशाला नसती उठाठेव?" सगुणेने केवडाला दारोदार फिरवलं. "हिला विचारा, हिची आई कोण." पोर नुसती बघत राहायची. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस गाठी सुटल्या.

दुसरा दिवस मेलेल्याचा. सगुणेच्या घरची गाठ तिच्या नवऱ्याने मारली होती, आणि तो त्याच तळ्यात बुडाला होता. तिने हाक मारली. तो पाण्यातून आला, पांढऱ्या ओल्या बोटांनी गाठ सोडली आणि पाण्यात परतला.

"अहो, एकदा बघायचं तरी होतंत माझ्याकडे!" सगुणा ओक्साबोक्शी रडली.

तिसऱ्या दिवशी सिदोजी हसला. "उरलेली गाठ माझी. मीच मला निवडलं. मी का सोडू?"

"नका सोडू," सगुणा म्हणाली. "ज्यांच्या गाठी, त्यांच्यावरच तुमचा अंमल. आता तुम्ही आणि तुमचं राज्य."

गाव पायऱ्यांवर बसून राहिलं. तळ्याला रोजचा एक हवाच होता, आणि मंत्राखाली आता एकच माणूस उरला होता. दिवस कलला तसं सिदोजीने खाली पाहिलं. पाण्यात शेला होता, माणूस नव्हता.

तो अंग चाचपू लागला. "बाई, हे जड जड काय आहे हो माझ्या अंगावर? कुणाचं आहे?"

"तुमचंच. ती गाठ सोडा, म्हणजे उतरेल."

त्याने मुकाट्याने सोडली. शेला पायरीवर पडला, सिदोजी म्हातारा झाला, आणि तळं चेहऱ्यांनी काठोकाठ भरलं.

"आई, भूक लागली," केवडा म्हणाली. सगुणेने तिला असं काही कवटाळलं की पोर ओरडलीच.

महिन्याने नवा राखणदार निवडला. पहिली गाठ सगुणेची होती. तिने सुरगाठ मारली.

"एवढी सैल?" तो कुरकुरला.

"सैलच," ती म्हणाली. "टोक आमच्या हाताला लागलं पाहिजे."