जागेवर न राहणारा ठिपका

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांची शिष्या रडवेल्या चेहऱ्याने आली आणि म्हणाली, "सर, माझा ठिपका जागेवर राहत नाही."

पूर्वीचे आचार्य अरण्यात राहत आणि शिष्य त्यांच्याकडे समिधा घेऊन जात. हे आचार्य पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांत राहत. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि ही पदवी गावाने त्यांना थोडी आदराने व बरीचशी चेष्टेने दिली होती. शिष्या म्हणजे यामिनी ढवळे, इयत्ता दहावी. तिच्या पिशवीत समिधांच्या जागी तार, पक्कड आणि आरशाचा नखाएवढा तुकडा होता.

यामिनीने जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भूकंपमापक बनवला होता. नाव भारदस्त, पण वस्तू पाहायला अगदी साधी. जमिनीवर घट्ट बसवलेला एक लोखंडी खांब, त्याला अंगणातल्या फाटकासारखी अडकवलेली आडवी दांडी, आणि दांडीच्या टोकाला वडिलांच्या किराणा दुकानातले पाच किलोचे वजन. दांडीवर आरशाचा तुकडा चिकटवलेला. त्यावर लाल प्रकाशाची छोटी बॅटरी रोखली की किरण उलटून समोरच्या लांबच्या भिंतीवर लाल ठिपका पडे. जमीन हलली की फाटक केसाच्या अंशाइतके फिरणार आणि दूरच्या भिंतीवर ठिपका चांगला बोटभर सरकणार, अशी योजना होती. योजनेत खोट नव्हती. अडचण इतकीच होती, की जमीन स्वस्थ पडलेली असतानाही ठिपका सरकत होता.

लांबून पाहावे तर तो मुकाट बसलेला. काय बिघडले ते पाहायला यंत्राजवळ जावे, तर पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला सांगितलेल्या मुलासारखा तो हळूच बाजूला सटके. यामिनीला आधी वाऱ्याचा संशय आला. मासे मेल्यामुळे रिकामी पडलेली काचेची टाकी तिने यंत्रावर पालथी घातली. ठिपका सरकलाच. तिने तार बदलली, आरसा बदलला, खांबाची बैठक बदलली. शेवटी बदलण्यासारखी एकच वस्तू उरली, ती म्हणजे यंत्र बनवणारी.

गेल्या वर्षी याच ठिपक्याने तिला बुडवले होते. परीक्षकांनी शेरा मारला होता, 'प्रतिकृती कार्यरत नाही.' यंदा दहावी, म्हणजे शेवटची संधी. जिल्ह्यातून दोघांची निवड व्हायची होती. निवडलेल्यांना राज्य प्रदर्शनाला नेऊन तिथल्या वेधशाळेच्या तळघरातला खरा भूकंपलेखक दाखवणार होते. इतर मुलांना ढालीचे आकर्षण होते; यामिनीला त्या तळघराची ओढ लागली होती.

"मुख्याध्यापक काय म्हणाले?" आचार्यांनी विचारले.

"म्हणाले, हा ठिपका बांधून टाक." यामिनीने पिशवीतून एक पितळी स्क्रू काढला. "हा बाजूने पिळला की दांडी घट्ट धरली जाते. मग ठिपका हलतच नाही. परीक्षक आले की मागे उभं राहून कुणीतरी जोरात पाय आपटायचा. आरसा थरथरतो, ठिपका नाचतो. झाला भूकंप."

"पाय कोण आपटणार?"

"ते स्वतःच आपटतो म्हणालेत."

"प्रशासनाचा पन्नास टक्के अनुभव तोच," आचार्य म्हणाले. मग त्यांनी विचारले ते अगदीच भलते. "सकाळी उठून जमिनीवर पाय टाकण्याआधी तू तिला नमस्कार करतेस का?"

यामिनी गोंधळली. "आई करते. हात लावून कपाळाला नेते. मी... नाही करत. जमिनीला काय कळतंय, सर?"

"बरं," आचार्य म्हणाले. "यंत्र ने. मीही येतो."

प्रदर्शन जिल्ह्याच्या गावी, एका जुन्या शाळेच्या दगडी सभागृहात होते. खाली काळ्या फरशा, त्यांच्याखाली काळाच पत्थर. एवढी अचल जागा जिल्ह्यात दुसरी नव्हती, असे संयोजक अभिमानाने सांगत. त्यांचे कामकाजही त्या जागेला साजेसे असल्यामुळे उद्घाटन दोन तास उशिरा झाले. सभागृहात ज्वालामुखी होते, आणि ते सगळे खाण्याच्या सोड्यावर चालत होते. थर्माकोलची आदर्श गावे होती, ज्यांत एकही माणूस नसल्यामुळे कमालीची स्वच्छता होती. एका यंत्रमानवाची माहिती त्याच्या निर्मात्याच्या अभियंता वडिलांना तोंडपाठ होती. निर्माता स्वतः पलीकडे वडापाव खात होता.

यामिनीने सभागृहाच्या टोकाला फरशीवर यंत्र मांडले, काचेची टाकी पालथी घातली. खांबाशी असलेला स्क्रू टाकीच्या कडेबाहेर डोकावत होता. तो तिने घट्ट पिळला. समोरच्या भिंतीवर ठिपका खिळ्यासारखा ठोकून बसला. तिला हायसे वाटले आणि त्या हायसे वाटण्याची थोडी लाजही वाटली. मुख्याध्यापक सभागृहाच्या मागच्या खांबाशी उभे राहून बूट आपटण्याची तालीम करत होते.

परीक्षक आले. मुख्य परीक्षक चांगले भरभक्कम गृहस्थ होते. त्यांच्या मागे दोघे सहपरीक्षक, त्यांच्या मागे शिक्षक, त्यांच्या मागे मुले. लवाजमा अजून तीन टेबले दूर होता, तेव्हा खुर्चीवर डुलक्या घेत असलेले आचार्य उठले, वाकले, पितळी स्क्रू सैल करून पुरता बाहेर काढला आणि तो शर्टाच्या खिशात टाकून पुन्हा खुर्चीवर येऊन बसले.

"सर!" यामिनी घशातल्या घशात ओरडली. "हे काय केलंत? आलेच ते!"

"हो, दिसताहेत."

"द्या ना तो स्क्रू! माझं वर्ष गेलं, सर!"

"ठिपका काय करतो ते बघत राहा. आणि जे दिसेल तेच सांग. एवढंच कर."

मोकळा झालेला ठिपका संथपणे इकडून तिकडे झुलला, थकला आणि एका जागी विसावला. मुख्य परीक्षक शेवटच्या ज्वालामुखीला निरोप देऊन तिच्याकडे वळले. त्यांनी पाऊल पुढे टाकले आणि ठिपक्याने जागा सोडली. ते जवळ आले, तो आणखी सरकला. ते टाकीवर वाकले, तेव्हा तो भिंतीवर आखलेल्या रेघेच्या पार पलीकडे गेला होता.

"भूकंपमापक का? छान," परीक्षक म्हणाले. "पण बाळ, हा तर आपोआपच सरकतोय. भूकंप कुठाय?"

मागून मुख्याध्यापकांनी पाय आपटला. ठिपका थोडा शहारला आणि सरकलेला होता तिथेच राहिला.

"प्रतिकृती अस्थिर," परीक्षक पुटपुटले, खिशातले पेन काढत मागे वळले आणि पुढच्या टेबलाकडे चालू लागले.

यामिनीच्या डोळ्यांत पाणी आले होते. तरी सरांनी सांगितले होते म्हणून ती ठिपक्याकडे बघत राहिली. परीक्षक दोन पावले गेले, ठिपका परत फिरला. आणखी चार पावले गेले, तो रेघेवर येऊन टेकला. इतक्या मुकाट्याने टेकला, जणू काही घडलेच नव्हते.

तिने घाईने डोळे पुसले.

"साहेब," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "एकदा परत याल का? नुसतं चालत या."

परीक्षकांना हुकूम देण्याची सवय होती, घेण्याची नव्हती. पण मुलीच्या चेहऱ्यावर असे काही होते, की ते आले. ठिपका सरकला.

"आता मागे जा. हां. आता यंत्राच्या या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहा. बाकी कुणी हलू नका, प्लीज."

ते दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले. ठिपका रेघ ओलांडून यावेळी विरुद्ध दिशेला गेला.

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बहुधा ठिपक्यानेही दाखवली असती.

"सर," यामिनी आचार्यांकडे वळून म्हणाली, "यंत्र हलत नाहीये. साहेब उभे राहतात तिथे... फरशी वाकतेय. दगड वाकतोय, सर. खांब त्या बाजूला कलतो, म्हणून फाटक तिकडे फिरतं. मी जवळ जायचे तेव्हा माझ्या वजनाने वाकत होती. सगळे दिवस जमीनच वाकत होती!"

"हा काळा पत्थर?" परीक्षक म्हणाले आणि आपल्या पायांखाली असे पाहू लागले, जणू तिथे काहीतरी प्रथमच उगवले होते.

आचार्य खुर्चीवरून उठले.

"आपण ज्याला अचल म्हणतो, ते आपल्या डोळ्यांपुरतं अचल असतं," ते म्हणाले. "ही शाळा बांधली त्या दिवसापासून इथे जो जो आला, त्याच्याखाली ही भूमी लवली आहे. अगदी थोडी, केसाच्याही हजाराव्या हिश्शाइतकी नसेल, पण लवली आहे. पहिल्या बाकावरच्यासाठी लवली, नापास झालेल्यासाठी लवली. तिने कुणाकडे दाखला मागितला नाही. आणि जो निघून गेला त्याच्यामागे ती पुन्हा सरळ झाली. इतके दिवस हे कुणी पाहिलं नव्हतं. या मुलीच्या यंत्राने पहिल्या दिवसापासून पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. आपण त्याला गप्प बसवायला स्क्रू शोधत होतो."

एवढे बोलून ते स्वतः यंत्राजवळ जाऊन उभे राहिले. ठिपका जेमतेम हलला.

"सर, तुमच्यासाठी कमी वाकली," यामिनी ओलावल्या डोळ्यांनी हसत म्हणाली.

"पेन्शनवर एवढंच मिळतं," आचार्य म्हणाले.

मग रांग लागली. सहपरीक्षक उभे राहिले, ज्वालामुखीवाले उभे राहिले, वडापाव संपवून आलेला यंत्रमानवाचा निर्माता उभा राहिला. जो तो येताना धीम्या पावलांनी येई, भिंतीकडे पाही आणि बाजूला होई. मुख्याध्यापक सर्वांत शेवटी आले. सकाळभर ज्या फरशीवर त्यांनी बूट आपटले होते तिच्यावर त्यांनी अलगद पाय ठेवला, आणि ठिपका सरकताच ते हळूच म्हणाले, "अरेच्चा." त्यांच्या प्रशासकीय कारकिर्दीतला हा बहुधा सर्वांत प्रामाणिक अभिप्राय असावा.

परीक्षकांच्या कागदावर आकर्षकता, उपयुक्तता आणि खर्च असे रकाने होते. आश्चर्याला रकाना नव्हता. मुख्य परीक्षक बराच वेळ पेन हातात धरून उभे होते, आणि त्यांनी काय लिहिले ते यामिनीला दिसले नाही.

संध्याकाळी निकाल वाचून दाखवण्यासाठी सगळे बाहेरच्या मैदानात जमले. यामिनीला तिथे उभे राहवेना. निकाल काहीही लागो, यंत्र तर उचलायचेच होते. ती एकटीच रिकाम्या सभागृहात आली. ठिपका रेघेवर शांत बसला होता. दारातच ती थबकली. तिने चपला काढल्या आणि शक्य तितक्या हलक्या, अनवाणी पावलांनी ती चालू लागली. तरीही ती जवळ जाऊ लागली तसा तो सरकू लागला. ती थांबली. मग खाली वाकून तिने फरशीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. फरशी गार होती. जमिनीला काय कळते, हे तिला अजूनही ठाऊक नव्हते. पण तो प्रश्न तिने ज्या सुरात विचारला होता, तो सूर आता तिच्यापाशी उरला नव्हता.

दारातून आचार्य आत आले. बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि कुणीतरी ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव पुन्हा पुन्हा पुकारत होते, पण दगडी भिंतींमुळे आत नुसताच घुमारा येत होता. आचार्यांनी खिशातून पितळी स्क्रू काढून तिच्या हातावर ठेवला.

"आता हा घट्ट बसव," ते म्हणाले.

"का, सर? आत्ता तर तुम्ही..."

"प्रवासात लागतो. राज्य प्रदर्शन लांब आहे, गाडीत दांडी मोडेल. तिथे पोचलीस की आधी हा काढायचा."

यामिनी स्क्रूकडे बघत राहिली. अर्थ पोचायला क्षणभर लागला. मग ती मोठ्याने हसली, डोळे पुसत यंत्राजवळ गुडघ्यांवर बसली, आणि भिंतीवरच्या ठिपक्याने तिच्या तेवढ्या वजनाचीही नोंद घेतली.

आपल्या येण्याने काहीच फरक पडत नाही असे ज्याला वाटते, आणि आपल्यावाचून सगळेच अडेल असे ज्याला वाटते, त्या दोघांनीही तो ठिपका एकदा पाहावा: येताना आणि जाताना.