डाव्या तळव्याची ऊब

"मंग त्या पेशीले जंतू दिसतच नाही का?" लहानूजींनी विचारलं.

"दिसतो. रक्तातल्या त्या पेशी त्याला गिळतातही," केतकी म्हणाली. "पण मारत नाहीत. तो त्यांच्याच पोटात घर करून राहतो."

"अन् त्या?"

"गप्प."

"कायले?"

"तेच तर शोधतेय, आजोबा! म्हणून तुमचं रक्त हवंय."

केतकी कुष्ठरोगावर संशोधन करत होती. अंगभर पसरलेला रोग होऊन बरे झालेले सात जण या वसाहतीत होते. लहानूजींनी दंड पुढे केला, तर बाकीचे सहा करणार. नाही केला, तर कोणीच नाही. आणि पेशी जिवंत असतानाच, संध्याकाळच्या आत, प्रयोगशाळेत पोचायला हव्या होत्या. फाटकाबाहेर जीप उभी होती.

"देतो रक्त," लहानूजी म्हणाले. "आधी माह्ये पाय पाह्य."

वसाहतीत रोज सकाळी प्रत्येकाचे पाय दुसरं कोणीतरी पाहतं. या पायांना दुखणं कळत नाही. खिळा रुतला तरी माणूस चालतच राहतो. लहानूजींच्या आखडलेल्या हातांनाही काही कळत नव्हतं. त्यांचे पाय त्यांच्या पत्नी सुभद्राबाई पाहायच्या. मंगळवारी त्या वारल्या. आज शनिवार. मधल्या दिवसांत लहानूजींनी कोणाला पाय पाहू दिले नव्हते.

"मला निघायचंय, आजोबा."

"मलेही चालाचंच आहे."

केतकी उकिडवी बसली. दोन्ही तळवे तिने भराभर चाचपले.

"काही नाही. भेग नाही, जखम नाही. उत्तम आहेत."

"नीट पाह्यलं?"

"एम.एससी. झालंय माझं."

"मोजे किती घातले हातात?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "दोन. एकावर एक."

"चाळीस वर्षं झाली मले बरं होऊन. अजून जंतू आहे का माह्या अंगात?"

"छे! एकही नाही. मी स्वतः लोकांना सांगत फिरते हे."

"तुह्या हाताले सांगतलं नाही वाटते."

केतकीचे कान तापले.

"तुम्हा म्हाताऱ्या माणसांना सरळ बोलता येतच नाही का? उतरवा म्हणायचं होतं, तर उतरवा म्हणा ना!"

"उतरव."

पहिला जोड तिने ओरबाडून काढला. दुसऱ्याला वेळ लागला...

मग तिने उघडा हात उजव्या तळव्यावर ठेवला. गार. डावा... गार. टाच, मधला खळगा, अंगठ्याची गादी.

करंगळीखाली तिचा हात थबकला.

तिने हाताची मागची बाजू लावून पाहिली. पुन्हा उजव्या पायावर गेली. परत डाव्यावर आली.

"इथं गरम लागतंय," ती हळूच म्हणाली. "बोराएवढ्या जागेत. वरून कातडी चांगली दिसते, पण आत सूज धरलीय. असंच चालत राहिलात तर चार दिवसांत फुटेल."

"असं?"

"असं काय! पायाला काही झालं तर काय कराल? चप्पल दाखवा. बघा, इथंच झिजलीय. आजपासून चालणं बंद. पाणी मी भरायला सांगते."

फाटकाबाहेर जीपचा भोंगा वाजला.

"थांबा म्हणावं!" केतकी ओरडली. पाय तिने सोडला नाही.

भोंगा पुन्हा वाजला, मग बंद झाला.

"मघाशी..." ती म्हणाली. "मघाशी मी इथंच हात ठेवला होता."

"हाव. ठेवला होता."

"मग मला कसं कळलं नाही?"

लहानूजींनी मनगटाने सदऱ्याची बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला.

"आता मोजे घाल," ते म्हणाले. "अन् घे रक्त."