तळ नसलेला डोह

पूर्वी वत्सपूर नगरात सुधन्वा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्याच एका खेड्यात गाढवाच्या जन्माला आला. उत्तिय नावाच्या परटाची धुणी तो वाहत असे.

गावासमोरच्या डोहाला तळ नाही, त्यात यक्ष राहतो, अशी गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. पलीकडे जायचे तर डोंगराला वळसा पडे. डोहावरून जाणारा जो तो मूठभर तांदूळ पाण्यात टाकी, आणि मासे पोसले जात.

एकदा पलीकडच्या हिरव्या चाऱ्याच्या ओढीने बोधिसत्त्व सरळ पाण्यात शिरला. पाणी गुडघाभरच होते. लोकांना दिसावे म्हणून तो मुद्दाम मधोमध उभा राहिला.

लोकांनी पाहिले. "यक्ष परगावी गेला असेल," एक जण म्हणाला.

"गाढवाला गुळाची चव काय आणि डोहाचं भय काय!" दुसरा म्हणाला.

बोधिसत्त्व रोज जाऊ-येऊ लागला. तरी लोक वळशानेच जात. काहींनी तर तांदूळ गाढवालाच वाहायला सुरुवात केली. बोधिसत्त्व पुरता वैतागला. यांना डोळे असून दिसत नाही आणि आपल्याला सांगायला वाचा नाही! रागारागाने त्याने ते तांदूळ खाऊन टाकले.

सगळ्यांत हट्टी उत्तियाची म्हातारी आई नंदिका. गाढव ओल्या पायांनी परतले की ती काठी हाणी. एके दिवशी हाणता हाणता ती मटकन खाली बसली.

"गुडघाभरच पाणी होतं, तर माझी लेक कुमुदा बाळंतपणात अडलेली असताना त्या वळशाच्या वाटेवर का मेली रे?"

बोधिसत्त्वाला आपल्या वैतागाची लाज वाटली. डोहाला तळ निघाला, तर लेकीचे मरण फुकटचे ठरणार होते. तो तिच्याजवळ नुसता उभा राहिला. त्यानंतर डोहात उभे राहून त्याने कुणाला काही दाखवले नाही.

पुढे उत्तियाची बायको अडली. सुईण पलीकडच्या गावात. उत्तिय सवयीने वळशाकडे धावला.

"थांब!" नंदिका ओरडली. "पाणी खोल नाही. कधीच नव्हतं."

तिने गाढवाच्या मानेला मिठी मारली आणि रडत रडत ती पाण्यात उतरली. बोधिसत्त्व तिच्या पावलाला पाऊल जुळवीत चालला. येताना सुईण त्याच्या पाठीवर होती. बाळ-बाळंतीण वाचली.

गावकरी दुसऱ्या दिवसापासून डोहातून जाऊ लागले. यक्ष गेला, असे ते म्हणत. नंदिका मात्र रोज मूठभर तांदूळ पाण्यात टाकीत राहिली, कुमुदेच्या नावाने.

एवढे सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, लोक जुने सोडत नाहीत म्हणून तुम्ही चिडता. तेव्हाची नंदिका म्हणजे आजची भिक्षुणी सुव्रता. उत्तिय म्हणजे हा भिक्षू अरिंदम. काठावरचे गावकरी तुम्हीच होता. आणि तुमच्यावर चिडलेले ते गाढव मी होतो. नंदिकेजवळ उभा राहिलो, तेव्हा मला क्षांती, म्हणजे न चिडता सोसणे, कळली."