रामबाणाचा नारळ

"दसऱ्याला रामबाणानं नारळ फुटला नाही, तर नारळ धरणाऱ्यानं संस्थान सोडून चालतं व्हायचं!"

भोरखडीच्या रणधीरराव महाराजांनी हुकूम सोडला आणि येसू गुरवाच्या घरात रडारड सुरू झाली. कारण यंदा नारळ धरायची पाळी येसूची होती.

रामबाण ही महाराजांची लाडकी बंदूक. राजवाड्यात चांगल्या बंदुका पुष्कळ होत्या, पण महाराजांचा जीव जडला होता तो हिच्यावर. पुरुषभर लांब, तोंडाला पितळेची मगर, आणि नळी? नळी मधोमध वाकडी, मांडवावरून लोंबणाऱ्या पडवळासारखी! हिच्यावर कधीतरी हत्ती बसला असणार. पण विकणाऱ्या सौदागरानं शपथेवर सांगितलं होतं, "महाराज, ही कोपऱ्याआडचा वाघ मारते!" महाराजांनी ती हत्तीच्याच मोलानं घेतली. तेव्हापासून तिला वाकडी म्हणायची दरबारात कुणाची छाती नव्हती.

दर दसऱ्याला वेशीबाहेर महाराज रामबाण झाडत. नारळावर बार निघाला की मगच आपट्याचं सोनं लुटायचं, अशी रीत. नारळ काही फुटत नसे. एका वर्षी सनईवाल्याचं पागोटं उडालं, गेल्या वर्षी फडणिसांची छत्री गेली. "बंदूक सरळच आहे, महाराज! नारळ हलला!" असं दिवाण दाजीसाहेब म्हणत आणि सगळा दरबार माना डोलवी. नारळ धरणाऱ्याला फटके बसत. यंदा मात्र महाराज हलणाऱ्या नारळांना फारच वैतागले होते.

"बा, रडतोस कशाला? गोळी तुला लागायची नाही," येसूची लेक ठकू म्हणाली.

"तेच तर रडं आहे, पोरी! नारळालाही लागायची नाही. ह्या वयात माझा मारुती सोडून मी जाऊ कुठं?"

ठकूनं पदर खोचला. खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेची फुलं गुरवाघरूनच जात. झेंडूची पाटी घेऊन ती राजवाड्यावर गेली. रामबाण चौरंगावर मांडलेली होती. ठकूनं तिला हार घातला. तो नळीच्या वळणावरच अडकून बसला.

"कशी आहे आमची रामबाण?" महाराजांनी विचारलं.

"अशी दुसरी नाही, सरकार!" ठकू म्हणाली आणि ह्यात तिनं काडीचंही खोटं सांगितलं नाही. "एक मागणं आहे. बा हलला की नाही, ते बघायला साक्षीदार हवेत. दरबारी मंडळींनीच बघावं. फक्त बंदुकीच्या मागं नको, पुढं उभं राहावं. मागून नारळ नीट दिसत नाही. मैदानात हवी ती जागा घ्या म्हणावं."

"मंजूर!" महाराज म्हणाले. शेजारी उभ्या दाजीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

दसऱ्याला अख्खं गाव वेशीबाहेर लोटलं. येसू तळहातावर नारळ धरून देवाचं नाव घेत उभा राहिला. दाजीसाहेबांनी डावीकडे पाहिलं. तिकडं पागोटं उडालं होतं. उजवीकडे पाहिलं. तिकडं छत्री गेली होती. मग ते हळूच सरकत सरकत येसूच्या पाठीशी जाऊन चिकटले. त्यांच्यामागं सेनापती. सेनापतींना ढकलत फडणीस. बघता बघता सगळा दरबार नारळामागं एका ओळीत!

महाराजांनी नेम धरला आणि ओरडले, "अरे, बाजूला व्हा! गोळी आरपार जाईल!"

"आम्ही इथंच बरे आहोत, महाराज!" दाजीसाहेब म्हणाले.

"मरायचंय का सगळ्यांना?"

"छे, सरकार!" ठकू पुढं आली. "मरायचं नाही, म्हणून तर तिथं उभे आहेत! रामबाणापासून वाचायला साऱ्या मैदानात एकच जागा आहे, तुमच्या नेमासमोरची!"

गावकरी खाली मान घालून हसू दाबू लागले. महाराज लालबुंद झाले. त्यांनी एकेक चेहरा पाहिला. एकही नजर वर येईना. त्यांनी बंदुकीची पेटती वात मातीत दाबून विझवली.

"असं आहे तर! पण माझा हुकूम कायम आहे. रामबाणानं नारळ फुटला पाहिजे. नाही फुटला, तर तुझा बाप चालता होईल!"

ठकूनं धावत जाऊन येसूच्या हातातला नारळ उचलला आणि ती महाराजांपाशी परतली. मारुतीपुढं रोज नारळ फोडणारी पोर ती! तिनं रामबाणाच्या नळीवर, नेमकी जिथं ती वाकली होती तिथं, नारळ हाणला. फट्! दोन शकलं झाली आणि पाणी महाराजांच्या जोड्यांवर उडालं.

"फुटला, सरकार! आणि रामबाणानंच फुटला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा!"

महाराजांनी जोड्यांवरचं पाणी पाहिलं, वाकडी नळी पाहिली. मग महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे खदखदून हसले की पागोटं सावरता सावरेना. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं ठकूला दिलं. मारुतीची पूजाअर्चा येसूच्या घराण्याकडे कायम केली. "आणि ही रामबाणही घेऊन जा!"

"बरं झालं, सरकार! उंचावरच्या चिंचा ओढायला वाकडी आकडी हवीच होती!"

दरबारही आता मोकळेपणानं हसत पांगू लागला.

"थांबा, दाजीसाहेब!" महाराज म्हणाले. "जागा झकास निवडलीत. पुढच्या दसऱ्याला नारळ तुम्हीच धरा, तिथंच उभे राहून. बंदूक मात्र मी सरळ आणतो!"