स्टेपनीचं लिंबू

घाटातलं डांबर नवं होतं तेव्हाची गोष्ट. खोतांची जीप चारही चाकांनी एकदम ओढायची. दसऱ्याला त्या चाकांखाली चार लिंबं ठेवली जायची. पाठीवर टांगलेल्या जादा चाकाला, म्हणजे स्टेपनीला, नुसतं हळदकुंकू. “बसून खाणारीला कसलं लिंबू?” चाकं खिदळायची. स्टेपनी रुसून फुगायची.

एकदा चढावर इंजिन बंद पडलं. क्रेनवाला पुढची दोन चाकं उचलून जीप ओढून न्यायला लागला.

“आम्ही पालखीत!” ती दोघं हरखली.

पोटातून गिअरबॉक्स किंचाळला, “अरे, तुम्ही चौघं मला बांधलेली! दोघं लटकलात आणि दोघं पळालात, तर माझा भुगा होईल!”

“मग चौघंही बसा,” स्टेपनी म्हणाली. “बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. अंग जड करा, लाज सोडा, कितीही ओढलं तरी हलू नका.”

चाकं अशी बसली की क्रेनवाल्याने हात टेकले. “खोतसाहेब, हिला आख्खी उचलून ट्रकवर घालूनच न्या!” गिअरबॉक्स वाचला.

पुढच्या दसऱ्याला खोतांनी लिंबं चारच ठेवली. गाडी सुरू झाली, गिअर पडला, पण जीप जागची हलेना.

“आधी गुरूला!” म्हणत चारही चाकं अंग जड करून बसली होती.