मासे खुशाल आहेत

एका डोंगरी राज्यात सटवाजी नावाचा एक भोई राहत होता. त्याच्या बापजाद्यांनी नदीत जाळी टाकून पोट भरलं. सटवाजीला मात्र राजवाड्यात काम मिळालं. दरबाराच्या भिंतीला लागून काचेचे मोठे हौद मांडलेले होते आणि त्यांत दूरदेशीचे रंगीत मासे होते. त्यांना दाणा घालायचा, पाणी बदलायचं, काचा पुसायच्या. काम हलकं होतं. जड होती ती एक रीत.

रोज सकाळी दरबार भरला की माशांच्या राखणदारानं पुढे येऊन मोठ्यानं म्हणायचं, "पाणी निवळ आहे, मासे खुशाल आहेत." मग भालदार काठी आपटायचा आणि कामकाज सुरू व्हायचं. ही रीत महाराजांच्या आईसाहेबांनी घालून दिली होती. आईसाहेब गेल्या. मागे त्यांची रीत राहिली आणि त्यांनी वाढवलेला एक मासा राहिला. तांबडाबुंद, हातभर लांबीचा, म्हातारा. त्याचं नाव गुलाल. महाराज फारसं कोणाशी बोलत नसत, पण दरबार उठला की गुलालच्या हौदापाशी उगीच उभे राहत, आणि मासाही काचेशी येऊन थांबत असे.

सटवाजीच्या आधीचा राखणदार एके सकाळी अचानक दिसेनासा झाला होता. त्या दिवशी हौदात एक मासा मेला होता, एवढंच लोकांना ठाऊक होतं. बाकीचं लोकांनी आपापल्या परीनं रचलं. कोणी म्हणे त्याचा कडेलोट झाला, कोणी म्हणे तो अजून तळघरात आहे. महाराजांना विचारायची छाती कोणाची होणार? सटवाजीनं ही जागा घेतली ती भीत भीतच.

आणि एके सकाळी जे व्हायचं ते झालं. एक चिमुकला चंदेरी मासा पोट वर करून तरंगत होता. म्हातारपणानं मेला होता बिचारा, त्यात कोणाचा दोष नव्हता. पण सटवाजीला आधीचा राखणदार आठवला. त्यानं तो मासा ओच्यात लपवला, बागेत मोगऱ्याखाली पुरला, धावत बाजार गाठला आणि तसाच दिसणारा दुसरा मासा आणून हौदात सोडला. दरबार भरला. सटवाजी म्हणाला, "पाणी निवळ आहे, मासे खुशाल आहेत." काठी आपटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो मनाशी म्हणाला आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

आता, नवा मासा कधी थेट जुन्यांत सोडू नये, हे भोयाच्या पोराला काय शिकवायचं? आधी त्याला वेगळ्या रांजणात ठेवायचं, पंधरवडाभर न्याहाळायचं, काही दुखणं वर येतं का बघायचं. सटवाजीच्या बापानं हे त्याला जाळं विणायच्या आधी शिकवलं होतं. पण वेगळा रांजण मांडला असता तर कोणीतरी विचारलं असतं, हा कशाला? म्हणून त्यानं मांडला नाही.

थोड्याच दिवसांत नव्या माशाच्या शेपटीवर पांढरे कण दिसले. कोणी चिमटीनं मीठ भुरभुरावं तसे. मासा तळाच्या खड्यांवर अंग घासत होता. शेजारचे दोघंही घासू लागले होते. सटवाजीनं रोग ओळखला. त्यावरचा उपायही त्याला येत होता. आजारी मासे वेगळे काढायचे, पाण्यात बेतानं मीठ घालायचं, पाणी हळूहळू कोमट करायचं, रोज थोडं बदलायचं. पण त्याला चूल पेटवावी लागणार, रांजण लागणार, चार माणसं हाताखाली लागणार. म्हणजे साऱ्या वाड्याला कळणार. उपाय येत असूनही त्यानं तो केला नाही. रोगापेक्षा त्याला दरबाराचं भय मोठं वाटलं.

त्यानं आपलं जुनं औषध काढलं. ठिपक्यांचा मासा जाळीनं उचलायचा, मोगऱ्याखाली पुरायचा, बाजारातून दुसरा आणायचा. एक गेला, मग आणखी गेले. मोगऱ्याला त्या साली कधी नव्हे इतका बहर आला, आणि सटवाजीला त्या वासानं मळमळू लागलं. पाऊल वाजलं की तो दचके. भालदारानं नुसतं खाकरलं तरी त्याच्या कपाळाला घाम फुटे. एकदा दिवाणजी हौदापाशी थांबले.

"सटवाजी, मासे हल्ली लहान दिसताहेत."

"गार पाण्यानं आकसल्यात जी," सटवाजी म्हणाला.

दिवाणजी मान डोलावून गेले. त्यांना खरंच पटलं होतं. चोराच्या मनात चांदणं. सटवाजीला मात्र दिवसभर कडेलोटाचा कडा डोळ्यांपुढे दिसत राहिला. त्या घाईत त्याच्या हातून एक चूक झाली. आजारी मासे उपसलेली ओली जाळी त्यानं तशीच गुलालच्या हौदात घातली आणि तिथली गळलेली पानं काढली.

गुलालच्या पाठीवर ठिपके उमटले तेव्हा सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. लहान माशाला जोड मिळते. हातभर लांबीचा, आईसाहेबांच्या हातचा गुलाल कोणत्या बाजारात मिळणार? त्या दिवशी तो गुलालचा हौद पाठीनं झाकून उभा राहिला आणि कसाबसा म्हणाला, मासे खुशाल आहेत. दरबार उठल्यावर महाराज नेहमीसारखे हौदापाशी आले, पण त्यांना ठिपके दिसले नाहीत. त्यांचे डोळे आताशा अधू झाले होते. भाग्य, दुसरं काय.

मग एक नवल झालं. दोन-चार दिवसांत गुलालच्या अंगावरचे ठिपके आपोआप नाहीसे झाले. पाठ पुन्हा तांबडीबुंद. सटवाजी धावत घरी आला आणि किती दिवसांनी बायकोपुढे हसला.

"म्हाळसे, गेले ठिपके. देव पावला."

म्हाळसा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "गेले म्हंजे कुठं गेले, धनी?"

"गेले ते गेले."

"अंगावरनं गेले तर पाण्यातच पडले असतील की. हौदाबाहेर चालत तर न्हाई जायाचे."

सटवाजीनं हातातला घास ताटात परत ठेवला. हेही त्याच्या बापानं सांगितलं होतं. हा रोग अंगावरून उतरतो, तळाला बसतो, तिथे वाढतो आणि दसपटीनं परत चढतो. ठिपके दिसेनासे झाले की खरं औषध करायची वेळ असते. म्हाळसा हळूच म्हणाली, "महाराजांना सांगा."

"मग तुला मी दिसायचा न्हाई," सटवाजी म्हणाला, आणि ताटावरून उठला.

रोग परत आला. या वेळी गुलालच्या अंगावर बोट ठेवायला जागा उरली नाही. पंख अंगाला चिकटलेले, कल्ले धापा टाकत होते, तोंड पाण्याबाहेर काढून तो वारा गिळत होता. दरबार भरत होता. सटवाजी पुढे आला. त्यानं तोंड उघडलं आणि रोजचं वाक्य जिभेवर येईना. मागे गुलालच्या तोंडाचा पच् पच् आवाज येत होता. तो आवाज साऱ्या दरबाराला ऐकू जातोय असं त्याला वाटलं. 

"पाणी निवळ न्हाई, महाराज," तो म्हणाला. "मासे खुशाल न्हाईत."

भालदाराची काठी तशीच वर राहिली.  महाराज गादीवरून उतरले, हौदापाशी आले, काचेला जवळजवळ नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"कधीपासून?"

सटवाजीनं सगळं सांगितलं. चंदेरी मासा, मोगरा, बाजार, जाळी. काही ठेवलं नाही. शेवटी म्हणाला, "भ्यालो, महाराज. आधीच्या राखणदारासारखं हुईल म्हून भ्यालो."

"त्याचं काय झालं?"

"लोक म्हणत्यात, कडेलोट झाला."

महाराज त्याच्याकडे वळले. "तो पळून गेला. एक मासा मेला म्हणून घाबरून पळाला. मी त्याला काही विचारलंसुद्धा नव्हतं. तो का गेला, हे मला आज कळतंय."

त्या दिवशी दरबार झाला नाही. मुदपाकखान्याच्या चुली पाणी तापवायला लागल्या, कोठारातून मीठ आलं, अंगणात रांजण मांडले. प्रत्येक हौदाला वेगळी जाळी मिळाली आणि प्रत्येक जाळी कडक उन्हात वाळू लागली. पाणी हळूहळू कोमट केलं, हळूहळू बदललं. पुढे ठिपके गेल्यावरही सटवाजीनं औषध थांबवलं नाही. बरेचसे मासे वाचले.

गुलाल वाचला नाही. त्याला उशीर झाला होता, तो त्याच रात्री गेला. महाराजांनी त्याला स्वतः ओंजळीत उचललं आणि मोगऱ्याखाली ठेवलं. ते सटवाजीला एका शब्दानंही बोलले नाहीत. कडेलोटाला तो तयार होता. या गप्प राहण्याला तयार नव्हता. तो तिथेच मातीत बसून रडला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. सटवाजी नेहमीच्या जागी उभा राहिला आणि महाराजांकडे बघू लागला. महाराज म्हणाले, "सांग. काय असेल ते सांग. मासे कसे आहेत, एवढंच रोज विचारायला आईसाहेबांनी सांगितलं होतं. आम्ही त्याचं एकच उत्तर करून टाकलं."

सटवाजीनं हौदांकडे बघितलं. "पाणी अजून गढूळ हाय. पुष्कळ आजारी हाईत. गुलाल गेला."

महाराजांनी भालदाराकडे बघितलं. काठी आपटली आणि कामकाज सुरू झालं. तेव्हा मागच्या रांगेतून कोठीवाला हात जोडून उभा राहिला. धान्याच्या कोठारात कीड लागली आहे, असं त्याला बरेच दिवस सांगायचं होतं.

तात्पर्य: लपवलेलं दुखणं बरं होत नाही, ते पसरतं, आणि जिथे माणसं वाईट बातमी सांगायला भितात, तिथे 'सगळं खुशाल आहे' यावर धन्यानं कधी विसंबू नये.