सुई न लागलेला शेला

धामणटेक हे नदीच्या वळणावरचे लहान गाव. गावात नरसिंहाचे जुने देऊळ आहे. त्या उन्हाळ्यात येसोबा महाराज देवळाच्या ओवरीत येऊन राहिले होते. अंगावर ठिगळांची वाकळ आणि हातात काठी, एवढाच त्यांचा संसार. ते आल्यावर थोड्याच दिवसांत अक्षय्य तृतीया आली. त्या सकाळी रिवाजाप्रमाणे देवळापुढे सोंगांचा पेटारा उघडला, आणि गावाचे काय गेले आहे ते त्या दिवशी कळले.

धामणटेकला दर वर्षी नरसिंह जयंतीला देवळापुढे प्रल्हादाचे सोंग होते. कामट्या आणि कागद यांचा एक खांब उभा करतात. आत नरसिंहाचे सोंग घेतलेला माणूस बसतो. सूर्य मावळत असताना हिरण्यकशिपू खांबाला लाथ मारतो, कागद फाडून नरसिंह बाहेर येतो, आणि मगच देवाची आरती होते. तोवर गावात कुणी उपास सोडत नाही. नरसिंहाचे सोंग गुरवांच्या घराकडे असते आणि पेटाराही त्यांनीच सांभाळायचा असतो. त्या वेळी तो लिंबाजी गुरवाकडे होता.

खरे म्हणजे पेटारा सांभाळत होती त्याची बायको गोजरा. पावसाळा सरला की ती एकेक कपडा उन्हात घाली, झटकी, कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा घडी करी. मागच्या श्रावणात ती तापाने गेली. बायको गेली तरी माणूस जेवतो, झोपतो, कामाला जातो. पण जी कामे ती करत होती, ती कामे आहेत हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. लिंबाजीच्या ध्यानात राहिले नाही. त्याने पेटाऱ्याचे झाकण उचलले तेव्हा आत वाळवीची माती होती. हात घातला तर मखमलीचा भुगा हाताला आला. मुकुट, अंगरखे, नरसिंहाचा शेला, काही म्हणता काही उरले नव्हते.

लोक जमले. कुणी लिंबाजीला बोलले नाही. गावातले कापडाचे व्यापारी त्र्यंबकशेठ मात्र पुढे आले. त्यांचा तालुक्याला मोठा धंदा होता आणि बोलायचा मान आपलाच, असे ते धरून चालत. ते म्हणाले, की शहरातून जरीची सोंगे मी आणवतो, गावाला काही तोशीस नको. मात्र ज्याला पेटारा सांभाळता आला नाही त्याच्या घरी नरसिंह कशाला? यापुढे नरसिंहाचे सोंग आणि पेटारा, दोन्ही माझ्या घराकडे यावे.

लिंबाजीच्या बापाने, आजाने, पणज्याने हे सोंग घेतले होते. गोजरेने पेटारा जपला होता. आता एका वर्षाच्या विसरण्याने दोन्ही जायची वेळ आली. तो खाली मान घालून म्हणाला, "शेठजी म्हणतात ते खरं आहे. माझ्या हातून गेलं."

महाराज ओवरीतून हे ऐकत होते. ते उठून आले आणि पेटाऱ्यातली मूठभर माती हातात घेऊन पाहिली. महाराज म्हणाले, "लिंबाजी, हे कापड पहिल्यांदा आलं तेव्हा कुठून आलं होतं?"

लिंबाजी म्हणाला, "गावानंच दिलं असेल, महाराज."

"मग गाव आहे ना अजून?"

एवढे बोलून महाराजांनी खांद्याची झोळी काढली आणि लिंबाजीच्या गळ्यात अडकवली. ते म्हणाले, "दारोदार जा. आज पीठ मागू नकोस, नेसून झालेलं माग. नवं कुणी दिलं तर घेऊ नकोस."

त्र्यंबकशेठ हसले. "म्हणजे यंदा चिंध्यांचा देव," ते म्हणाले. "बोहारणीलाही एवढं गिऱ्हाईक मिळायचं नाही."

लिंबाजी निघाला. पहिल्या दारात तो उंबऱ्याबाहेरच थांबला. पण महाराजांची झोळी पाहून बायका आपणहून आत गेल्या. कुणी विटलेले लुगडे दिले, कुणी फाटके मुंडासे, कुणी लेकीच्या जुन्या परकराचा घेर. शेतातल्या वस्त्यांवरून तरटाची पोती आली. झोळी भरली तेव्हा बायकांनी डोक्यावर गाठोडी घेतली आणि त्याच्या मागून चालू लागल्या. त्र्यंबकशेठच्या ओसरीपुढून ही रांग गेली तेव्हा शेठजींनी पाय वर घेतले. म्हणाले, "जरा लांबून न्या. गावाच्या अंगावरून उतरलेलं ते. शिवलं तर मला पुन्हा आंघोळ करावी लागेल."

राधाआक्का सगळ्यांत पुढे होती. ती गावभर गोधड्या शिवत असे. ती न थांबता म्हणाली, "करा की शेठजी. उन्हाळाच आहे."

देवळाच्या मंडपात गाठोडी सोडली आणि काम सुरू झाले. गोधडी शिवतात तशाच धावदोऱ्याने सोंगे शिवायची, असे आक्काने ठरवले. गादीच्या जुन्या खोळीचा हिरण्यकशिपूचा अंगरखा झाला. चोळ्यांच्या खणांचे तुकडे जोडून राणी कयाधूचा शालू झाला. लुगड्याचे अंग झिजते पण काठ टिकतात. ते काठ उसवून त्यांतली जर कामटीच्या मुकुटाला लावली. तरटाचे राक्षस झाले. घायपाताच्या पानांतला धाग्यांचा वाख काढून तो गेरूत भिजवला आणि नरसिंहाची आयाळ तयार झाली. महाराज दिवसभर सुईत दोरा ओवून देत. एखादी बाई आपल्या सासूचे लुगडे ओळखून गहिवरे, तेव्हा महाराज म्हणत, "बघ, म्हातारी देवाच्या कामाला आली." लिंबाजीही त्यांच्यात बसून टाके घालू लागला. गोजरा गेल्यापासून तो एवढ्या माणसांत प्रथमच बसला होता.

सगळे झाले, आणि एका ठिकाणी येऊन अडले. नरसिंहाच्या अंगावरचे बाकी सारे शिवलेले चालते, पण खांद्यावरच्या शेल्याला सुई लागलेली चालत नाही. जो देव कुणाच्या पोटी आला नाही, सरळ खांबातून आला, त्याचा शेलाही कुणी जोडलेला नसावा, असे जुने लोक सांगत. सगळी गाठोडी पुन्हा सोडून पाहिली. पण गरिबाघरचे कापड देण्याइतके जुने होते तोवर त्याला कितीदा तरी सुई लागलेली असते. प्रत्येक धोतराला मधोमध जोडल्याचा दंड होता, प्रत्येक लुगड्याला ठिगळ होते.

ही बातमी त्र्यंबकशेठना लागली. त्यांनी घरातला कोरा रेशमी शेला काढून ठेवला आणि निरोप पाठवला, की उद्या चतुर्दशी, देवाची जयंती. शेला तयार आहे. सोबत नरसिंहाचे सोंग माझ्या घरी येते, एवढे गुरवाला सांगा.

लिंबाजी घरी गेला. त्याच्या घरात सुई न लागलेले एक जुने वस्त्र होते, आणि हे त्याला मंडपातच आठवले होते. ती गोजरेची अष्टपुत्री होती. लग्नात मामाने नेसवलेले ते पिवळे सुती वस्त्र तिने बोहल्यावर एकदा नेसून ठेवून दिले होते. ती गेल्यावर तिची बाकीची लुगडी त्याने वाटून टाकली. हे एवढे राहू दिले होते. ते तो उशाला घेऊन झोपत असे. त्याने ते काढले, पुन्हा ठेवले, पुन्हा काढले. शेवटी ते छातीशी धरून तो देवळात आला आणि महाराजांच्या पुढ्यात बसला.

महाराजांनी काही मागितले नव्हते, आताही मागितले नाही. लिंबाजीच म्हणाला, "महाराज, बाईमाणसाचं नेसलेलं आहे. गेलेल्या माणसाचं आहे. देवाला चालेल का?"

महाराज म्हणाले, "देव ज्याच्या घरी येतो, त्याच्या घरातलं नेसतो. पण लिंबाजी, दिल्यावर ते तुझं राहणार नाही. विचार करून दे."

लिंबाजीने ते त्यांच्या पायांशी ठेवले. त्याचे हात रिकामे झाले आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. महाराजांनी ते दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले.

चतुर्दशीला चारच्या सुमाराला पंचक्रोशी लोटली. सोंगे बाहेर आली तसे लोक थक्क झाले. खोळीचा अंगरखा घालून गावचा सुतार हिरण्यकशिपू झाला होता आणि तो खरोखर राजासारखा चालत होता. त्र्यंबकशेठ पुढच्या बाजूला उंच बैठकीवर बसले होते. अंगात रेशमी अंगरखा, खांद्यावर तोच कोरा शेला. गुरवाच्या शेल्याची हकिकत त्यांना कळली होती. ते शेजारच्यांना मोठ्याने म्हणाले, "बायकोचं लुगडं पांघरून देव येणार आहे म्हणे. बघू या तरी."

खांबात बसलेल्या लिंबाजीला हे ऐकू आले. त्याने खांद्यावरचे वस्त्र घट्ट धरले.

सूर्य नदीपलीकडच्या टेकडीला टेकला. मशालींसारखे मोठे हिलाल पेटवले. खांब फुटण्याआधी हिलालावर राळेची पूड उडवून मोठा जाळ करायची तिथे रीत आहे. हिरण्यकशिपूने विचारले, "कुठे आहे तुझा देव? या खांबात आहे?" प्रल्हाद हो म्हणाला. राळ उडाली, भडका उठला, आणि त्याच वेळी नदीकडून वाऱ्याचा झोत आला. जाळ आडवा झाला आणि त्र्यंबकशेठच्या खांद्यावरच्या शेल्याने पेट घेतला.

रेशीम अंगाला चिकटून जळू लागले. शेठजी ओरडत बैठकीवरून खाली पडले. लोक मागे सरले. पाणी आणायला कुणी विहिरीकडे धावले, पण विहीर देवळामागे होती. आणि तेवढ्यात सगळ्यांनी पाहिले, की गेरूच्या रंगाची आयाळ उडवीत नरसिंह धावत आला. त्याने खांद्यावरचा पिवळा शेला ओढला, शेठजींच्या अंगावर टाकला आणि त्यांना पोटाशी आवळून धरले. जाळ जागच्या जागी विझला. पाण्याच्या घागरी आल्या तेव्हा विझवायला काही उरले नव्हते.

लोक लिंबाजीचे नाव घेऊन ओरडू लागले. राधाआक्का त्याला पाहायला पुढे झाली, तर शेठजींपाशी कुणी नव्हते. पिवळ्या वस्त्रात गुंडाळलेले ते एकटेच जमिनीवर होते. आणि खांबातून लिंबाजीचा घाबरा आवाज आला.

"महाराज, माझ्या खांद्यावरचा शेला कुणी ओढला. आत अंधार आहे, सापडत नाही. दिवस मावळतोय. मी बाहेर येऊ कसा?"

सगळे खांबाकडे वळले. खांब उभा होता. कागद चारी बाजूंनी जसाच्या तसा होता, त्याला एक चीरसुद्धा नव्हती.

हिरण्यकशिपू झालेला सुतार तिथेच गुडघ्यांवर बसला. महाराजांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात जोडून देवळाच्या गाभाऱ्याकडे पाहिले आणि मग खांबाकडे वळून म्हणाले, "शेला जिथे लागत होता तिथे पोहोचला, लिंबाजी. तुझ्याआधी तो येऊन गेला. आता तू ये."

सुताराने उठून खांबाला लाथ मारली. कागद फाडून लिंबाजी बाहेर आला, त्याचे खांदे उघडे होते. टेकडीवर सूर्याची शेवटची कड होती. धामणटेकला असा जयजयकार कधी झाला नव्हता. नदीपलीकडच्या गावांना तो ऐकू गेला आणि तिथले लोकही काय झाले ते पाहायला निघाले.

त्र्यंबकशेठना उठवून बसवले. रेशीम जळून गेले होते, पण अंगावर एक फोड नव्हता. पिवळ्या वस्त्रावर काजळीचा डागही नव्हता. त्यांनी ते दोन्ही मुठींत धरले होते आणि सोडायला तयार नव्हते. कुणीतरी विचारले, शेठजी, काय झाले? ते हळू आवाजात म्हणाले, "आत गारवा होता. आणि हळदीचा वास येत होता. लग्नघरात येतो तसा."

हे ऐकून लिंबाजीने आपल्या उघड्या खांद्यावर हात ठेवला.

शेठजी उठले. सगळ्या गावादेखत त्या गुरवापुढे आले आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले. लिंबाजी पाय मागे घेऊ लागला. महाराज म्हणाले, "घेऊ नकोस मागे. ते तुझ्या पाया पडत नाहीत." मग शेठजी महाराजांपुढे वाकले. ते म्हणाले, "महाराज, दुकानातली सगळी जर या देवाला देतो. मला पदरात घ्या."

महाराज म्हणाले, "नवं देवाला काय करायचं? दर वर्षी अक्षय्य तृतीयेला लिंबाजी झोळी घेऊन येईल. तुमच्या अंगावरचं उतरलेलं त्याला द्या. आणि गाठोडं तुम्ही स्वतः डोक्यावर घेऊन देवळापर्यंत आणा."

शेठजींनी ते पुढच्या वर्षापासून केले, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या घरातला वडील माणूस करत आला. नरसिंहाचे सोंग गुरवांच्या घरी राहिले. पावसाळा सरला की लिंबाजी स्वतः पेटारा उन्हात घालू लागला, आणि कपडे झटकताना राधाआक्काला हाक मारू लागला.

शेठजींच्या मुठीतून सोडवताना त्या पिवळ्या वस्त्राचा पदर वीतभर फाटला. आक्काने सुई काढली होती, पण त्याला सुई लावायची नाही. पदर अजून तसाच फाटलेला आहे.